कार्य सिद्धीस नेणारा मुखवटा
(जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यानाचा मजकूर)

 

देवळाच्या सोहळ्यात बाली बेटावरच्या मुखवट्यांचा विषय कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे कारण असे की, देऊळ उभे राहिले, पूजा झाली, पंगती उठल्या, म्हणजे कार्य पुरे झाले काय, हा प्रश्न त्या बेटावरच्या लोकांना फार पूर्वी पडला आणि त्याचे उत्तर त्यांनी एका मुखवट्यात कोरून ठेवले. ते उत्तर जीर्णोद्धार करणाऱ्या कोणत्याही गावाने ऐकून घ्यावे असे आहे.

आपल्या भाषेत मुखवटा या शब्दाला दोन अंगे आहेत. एखाद्याचे खरे रूप उघडे पडले की त्याचा मुखवटा गळून पडला असे म्हणतात. तेथे मुखवटा म्हणजे फसवणूक. पण खंडोबाचा किंवा जोतिबाचा मुखवटा पालखीत बसला की तोच शब्द उच्चारताना हात जोडले जातात. भाद्रपदात गौरी येतात त्या मुखवट्यानेच येतात. तेथे मुखवटा म्हणजे देवाचे प्रत्यक्ष येणे. बालीमध्ये धार्मिक मुखवट्याचा अर्थ या दुसऱ्या अंगाचा आहे. जे एरवी डोळ्यांना दिसत नाही, ते गावाला दिसावे म्हणून तेथे मुखवटा घालतात.

बाली हे इंडोनेशिया देशातील एक बेट. जावा बेटाच्या पूर्वेस, मध्ये फक्त एक अरुंद सामुद्रधुनी. क्षेत्रफळाने ते कोल्हापूर जिल्ह्याहून लहान आहे. २०२० सालच्या शिरगणतीप्रमाणे तेथील लोकसंख्या सुमारे ४३ लाख भरली. इंडोनेशियात बहुसंख्य लोक मुसलमान आहेत, पण बालीत शेकडा ८५ हून अधिक लोक हिंदू आहेत. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातशेती आणि गावोगाव देवळे, असा तो मुलूख आहे. तेथील एक पंचांग शकाप्रमाणे चालते. इसवी सनातून ७८ वजा केले की आपल्याकडे जो शालिवाहन शक येतो, तोच आकडा तेथेही येतो. शकाचे नवे वर्ष लागते तो दिवस ते लोक ‘न्येपी’ म्हणून पाळतात. त्या दिवशी चूल नाही, दिवा नाही, रस्त्यावर माणूस नाही. सारे बेट मौन पाळते. १९२७ साली रवींद्रनाथ टागोर जावा आणि बाली पाहावयास गेले होते, त्यामागे हा जुना संबंधच होता.

बालीतील गावात साधारणपणे तीन मुख्य देवळे असतात. देवळाला तेथे ‘पुरा’ म्हणतात. ज्यांनी गाव वसविले त्या मूळ पुरुषांचे ते पुरा पुसेह. जेथे गावाची बैठक भरते ते पुरा देसा; यातील देसा म्हणजे आपला देश हाच शब्द. आणि स्मशानाजवळचे ते पुरा दालेम, तेथे दुर्गेचे स्थान. गावातील घरे ‘बंजार’ नावाच्या मंडळात वाटलेली असतात. देवळाची डागडुजी, उत्सव, लग्नकार्य, मर्तिक, सर्व कामांस बंजारातील प्रत्येक घरातून माणूस यावा लागतो. न येणाऱ्यास दंड भरावा लागतो. श्रीमंताने पैसे टाकून मोकळे व्हावे आणि गरिबाने राबावे, हा शिरस्ता तेथे मूळचा नाही. प्रत्येक देवळाचा वर्धापनदिन असतो. त्याला ‘ओदालान’ म्हणतात आणि पुष्कळ ठिकाणी तो दर २१० दिवसांनी येतो, कारण बालीचे दुसरे पंचांग २१० दिवसांचे आहे. मुखवटे पेटीतून बाहेर निघतात ते बहुधा अशाच दिवसांत.

मुखवट्याला बाली भाषेत ‘तापेल’ म्हणतात आणि मुखवटे घालून करावयाच्या नृत्यनाट्याला ‘तोपेंग’. ही कला किती जुनी आहे याला लेखी पुरावा आहे. उत्तर बालीतील बेबेतिन येथील ताम्रपट शके ८१८ चा, म्हणजे इसवी सन ८९६ चा आहे. त्यात वाजविणारे, गाणारे अशा कलावंतांच्या जोडीने मुखवट्याचे खेळ करणाऱ्यांचीही नोंद आहे. कागदोपत्री अकराशे वर्षांचे आयुष्य ज्या कलेला आहे, तिची मुळे त्याहून खोल असणार हे उघड आहे.

आता मुखवटा तयार कसा होतो ते पाहू. बारोंग आणि रंग्दा हे तेथील सर्वांत पवित्र मुखवटे. त्यांना ‘पुले’ नावाच्या झाडाचे लाकूड लागते. पुले म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपली सातवीण, जिला सप्तपर्णीही म्हणतात. एका गाठीला सात सात पाने येतात म्हणून सातवीण. पूर्वी हिच्या लाकडाच्या लिहिण्याच्या फळ्या करीत. बालीत हे झाड बहुधा स्मशानाजवळ किंवा देवळाजवळ आढळते आणि ते देवाचे मानतात. मुखवट्यासाठी लाकूड हवे असेल तर चांगला दिवस पाहून झाडाला नैवेद्य दाखवितात, त्याची परवानगी मागतात आणि मगच हत्यार लावतात. खोडाला आलेला फुगवटा किंवा तेवढाच तुकडा काढून घेतात. झाड पाडीत नाहीत. जखम भरून येते, झाड वाढत राहते आणि मुखवट्याची आई जिवंत राहते.

यातून एक गोड रूढी निघाली आहे. एकाच झाडाच्या लाकडातून घडलेले बारोंग भावंडे मानले जातात, मग ते निरनिराळ्या गावांचे का असेनात. उत्सवात ते एकमेकांच्या भेटीस जातात आणि त्यांच्याबरोबर गावेही एकमेकांच्या भेटीस जातात. आपल्याकडे दोन पालख्यांची भेट होते तेव्हा दोन्ही गावांच्या डोळ्यांत पाणी येते, त्यातलाच हा प्रकार.

कोरणारा कारागीर जमिनीवर बसतो, लाकडाचा ठोकळा दोन्ही पायांत धरतो आणि पटाशीने रूप बाहेर काढतो. मास आणि सिंगापादू ही गावे या कामासाठी नावाजलेली आहेत. पवित्र मुखवटा करावयाचा असेल तर कामास हात घालण्यापूर्वी कारागीर पूजा करतो व नियम पाळतो. रंगकाम हे त्याहून चिकाटीचे. जुन्या पद्धतीत पांढरा रंग हाडाच्या राखेचा आणि काळा काजळीचा. खल करून करून तो वस्त्रगाळ करावयाचा आणि एकावर एक कितीतरी हात द्यावयाचे. एक हात वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही, म्हणून या कामात घाई चालत नाही. मग सोन्याचा वर्ख, कातड्याचे कोरीव काम, केस आणि दाढी.

इतके झाले तरी तो मुखवटा लाकूडच असतो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही हे खरे, पण नुसते घाव सोसूनही ते येत नाही. त्यासाठी तेथे विधी आहेत. प्रथम शुद्धी करतात, मग त्यात शक्तीचे आवाहन करतात. या आवाहनाला ‘पाशुपती’ म्हणतात. शब्द ओळखीचा आहे. रंग्दाचा किंवा बारोंगचा मुखवटा असेल तर मध्यरात्री स्मशानात नेऊन त्याची परीक्षा होते. तेथे शक्ती उतरल्याची खूण पटली म्हणजे गाव त्याला आपला मानते. त्यानंतर तो मुखवटा राहिला नाही. त्याला आदराने संबोधतात, कापडात गुंडाळून देवळातील खास जागी ठेवतात आणि कोणीही उठून त्याला हात लावीत नाही. दर २१० दिवसांनी ‘तुंपेक वायांग’ नावाचा शनिवार येतो. त्या दिवशी चामड्याच्या बाहुल्या आणि मुखवटे यांची पूजा होते. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची व अवजारांची पूजा करतात, तसेच हे.

आणि मुखवटा जुना झाला म्हणजे? लाकडाला कीड लागते, रंग उडतो, केस गळतात. अशा वेळी गाव ठरवून त्याचा जीर्णोद्धार करते. आधी पूजा करून आतल्या शक्तीला काही काळ बाहेर येण्याची विनंती करतात. मग तो मुखवटा कारागिराच्या हाती देतात, कारण आता तो पुन्हा लाकूड झालेला असतो. दुरुस्ती, रंगरंगोटी झाली की पुन्हा शुद्धी, पुन्हा आवाहन. मूर्ती हलविण्यापूर्वी देवाचे तेज कलशात घेतात आणि नंतर पुन्हा प्रतिष्ठा करतात, हे ज्या गावाने नुकतेच पाहिले आहे, त्याला बालीतील हा विधी वेगळा समजावून सांगावयास नको. लाकूड जीर्ण होते, दगड जीर्ण होतो. ज्यासाठी ते घडविले ते जीर्ण होऊ नये म्हणून माणसांनी पुन्हा पुन्हा एकत्र यावयाचे असते.

आता बारोंग आणि रंग्दा कोण ते सांगितले पाहिजे. बारोंग हा सिंहासारखा दिसणारा रक्षक. मोठे डोळे, खालीवर हलणारा जबडा, झुपकेदार अंग, आत दोन माणसे. त्याच्या दाढीत फार सामर्थ्य मानतात. ती पाण्यात बुडवून झालेले तीर्थ लोक घेतात. गालुंगान नावाच्या सणाच्या दिवसांत अनेक गावांत तो दारोदार फिरतो आणि रोगराई, भूतबाधा दूर ठेवतो. त्याच्या समोर उभी राहते ती रंग्दा. लांब सुळे, बाहेर लोंबणारी जीभ, पिंजारलेले केस, लांब नखे. लहान मुले तिला पाहून आईच्या कुशीत शिरतात.

रंग्दा या शब्दाचा अर्थ विधवा. तिच्याशी जोडलेली कथा चालोन आरंग नावाने प्रसिद्ध आहे आणि ती जावामध्ये अकराव्या शतकातील ऐर्लंग राजाच्या कारकिर्दीत घडली असे सांगतात. चालोन आरंग ही एक विधवा होती. तिला मंत्रविद्या येते अशी कुजबूज होती, म्हणून तिच्या रूपवान मुलीस कोणी मागणी घालीना. त्या अपमानाने ती पेटली आणि तिने दुर्गेची आराधना करून राज्यभर साथ पसरविली. पुढे भरद नावाच्या ऋषीने तिला आवरले, पण त्यासाठी आधी त्याच्या शिष्यास तिच्या मुलीशी लग्न करावे लागले. गोष्ट भयंकर आहे, पण तिचे मूळ एका आईच्या मनाला झालेल्या जखमेत आहे.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. या विधवेचा मुखवटा बालीच्या लोकांनी जाळून टाकला नाही की वेशीबाहेर फेकला नाही. त्यांनी तो देवळात ठेवला. बारोंग आणि रंग्दा यांचे युद्ध देवळाच्या अंगणात होते. अंगात आलेले लोक कट्यारी स्वतःच्याच छातीवर रोखतात, आणि शेवटी कोणी जिंकत नाही की कोणी हरत नाही. उजेड-अंधार, सुख-दुःख या जोड्या जगात राहणारच, त्यांचा तोल सांभाळणे हे माणसाचे काम, असे ते लोक मानतात. रंग्दाला नैवेद्य मिळतो, मान मिळतो, आणि जिच्या रागाने गावे ओस पडली तीच मग गावाची राखण करते.

तोपेंगमध्ये राजे, मंत्री, म्हातारे, विदूषक आणि गावकरी येतात. विषय बहुधा बाली आणि जावा येथील राजवंशांच्या बखरींतला. त्यातील एका जुन्या प्रकारात सर्व भूमिका एकच नर्तक करतो. शेजारी मुखवट्यांची टोपली असते. पडद्याआड जाऊन एक मुखवटा उतरवावयाचा, दुसरा चढवावयाचा आणि बाहेर पडताना चाल, मान, बोटे, सर्व काही बदललेले असावयाचे. पहिल्यांदा करारी मंत्री येतो. मग थरथरणारा म्हातारा येतो, आणि तो इतका खरा वाटतो की आत तरुण माणूस आहे हे लोक विसरतात. राजाचा मुखवटा फिकट रंगाचा, शांत, किंचित हसरा. हे पूर्ण मुखवटे बोलत नाहीत. राजाच्या वतीने बोलतो तो त्याचा सेवक. त्याचा मुखवटा अर्धा असतो, ओठ मोकळे. वरिष्ठांची भाषा जुनी जावानी, म्हणजे कवी भाषा. ती सामान्यांना समजत नाही. सेवक ती चालू भाषेत उलगडून सांगतो, मध्येच थट्टा करतो, गावातल्या ताज्या गोष्टींवर चिमटे काढतो. आपल्याकडे कीर्तनकार संस्कृत श्लोक सोडवून सांगतो आणि जाता जाता पुढच्या रांगेतल्या कोणाची फिरकी घेतो, त्याची येथे आठवण होते.

नंतर येतात गावकऱ्यांचे मुखवटे. कोणाचे दात पडलेले, कोणाचा ओठ फाटलेला, कोणी तोतरा, कोणी बढाईखोर. लोक पोट धरून हसतात, कारण त्यांत त्यांना आपलाच शेजारी दिसतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की राजाचा मुखवटा आणि या तोतऱ्याचा मुखवटा एकाच टोपलीतून निघतो आणि एकाच चेहऱ्यावर चढतो. उत्तर बालीतील तेजाकुला गावात रामायणाचा मुखवट्यांचा खेळ आहे. वानरसेनेतले वानर आणि राक्षस तेथे मुखवटे घालून उतरतात, आणि ते मुखवटेही पूजेचे आहेत.

हे सर्व झाल्यावर, अगदी शेवटी, एक मुखवटा येतो. पांढराफटक, बारीक डोळे, पुढे आलेले दात. पाहणाऱ्याला तो प्रथम कुरूपच वाटतो. त्याचे नाव ‘सिदाकार्य’. संस्कृत जाणणाऱ्याला फोड करून सांगावयास नको. सिद्ध कार्य. ज्याच्यामुळे कार्य सिद्धीस जाते तो.

त्याची कथा अशी. सोळाव्या शतकात बालीत वातुरेंगोंग नावाचा मोठा राजा होऊन गेला. गुनुंग आगुंग या ज्वालामुखी पर्वताच्या उतारावर बेसाकीह हे बालीतील सर्वांत थोर मंदिर आहे. तेथे राजाने मोठा यज्ञ मांडला. तयारी जोरात चालली असता केलिंग येथून एक ब्राह्मण पायी चालत आला. कपडे मळके, अंगावर धूळ. त्याने सांगितले की मी राजाचा भाऊ आहे, त्याला भेटावयास आलो आहे. सेवकांनी त्याला हसून घेतले. राजानेही ओळखले नाही. उलट असल्या भिकारड्याने भाऊ म्हणवून घ्यावे याचा त्याला संताप आला आणि त्याला धक्के मारून हाकलण्यात आले. निघताना ब्राह्मणाने शाप दिला की हे कार्य सिद्धीस जाणार नाही.

तसेच घडले. पिके वाळली, किडीने आणि उंदरांनी शेते फस्त केली, माणसे आजारी पडली. यज्ञाची सामग्री होती, पुरोहित होते, द्रव्य होते, पण फळ नव्हते. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. त्या राजाजवळ पैसा होता. ज्याला दारातून हाकलले त्याच्याविषयीचा आदर नव्हता, आणि त्याचे सोंग आणता येईना. अखेर राजाने देवाचा कौल मागितला आणि त्याला उमगले की ज्याने शाप दिला तोच हे सावरू शकेल. मंत्री गेले, ब्राह्मणास सन्मानाने घेऊन आले. राजाने चूक कबूल केली, त्याला भाऊ म्हटले. ब्राह्मणाने शाप मागे घेतला, शेते हिरवी झाली, यज्ञ पार पडला. राजाने त्याला सिदाकार्य ही पदवी दिली आणि आज्ञा केली की यापुढे बालीत कोणतेही मोठे धर्मकार्य या नावावाचून पुरे समजू नये. देनपसार शहरात त्याच्या नावाचे मंदिर आहे. मोठ्या कार्यासाठी तेथून तीर्थ नेण्याची चाल आजही आहे.

म्हणून पूजा आटोपत आली, पुरोहिताची घंटा वाजत आहे, अशा वेळी सिदाकार्य नाचत येतो. ही भूमिका कोणालाही करता येत नाही. नर्तकावर आधी दीक्षेचा संस्कार झालेला असावा लागतो. तो मंत्र म्हणतो आणि पिवळे तांदूळ व मध्ये भोक असलेली जुनी चिनी नाणी चारी दिशांना उधळतो. मग प्रेक्षकांतील एखादे मूल पकडतो. मुले आरडाओरडा करीत पळतात, एक सापडते, रडू लागते, आणि तो भयंकर चेहऱ्याचा म्हातारा त्याच्या हाती पैसे ठेवतो. ज्याच्या चेहऱ्याला भ्यावे त्याच्याच हातून आशीर्वाद मिळतो. एवढे झाले म्हणजे कार्य सिद्ध झाले.

कार्य अपुरे राहू नये ही चिंता तेथे किती खोल आहे याचे एक उदाहरण अलीकडचे आहे. १९६३ साली बेसाकीह येथे एकादश रुद्र नावाचा महायज्ञ चालू असतानाच आगुंग पर्वताचा स्फोट झाला. हजाराहून अधिक माणसे दगावली, शेते राखेखाली गेली. लाव्हा जवळून वाहत गेला, पण मुख्य मंदिर वाचले. तो यज्ञ १९७९ साली पुन्हा मांडून यथासांग पार पाडण्यात आला. सोळा वर्षे त्या लोकांनी ती गोष्ट मनातून जाऊ दिली नाही.

बालीवर आणखी एक संकट आले, ते पाहुण्यांच्या रूपाने. १९३० च्या सुमारापासून परदेशी प्रवासी तेथे जाऊ लागले आणि पुढे त्यांची संख्या अतोनात वाढली. त्यांना बारोंगचे युद्ध पाहावयाचे, पण सोयीच्या वेळी, तासाभरात आणि तिकीट काढून. गावांना पैसा हवा होता, पण देव विकावयाचे नव्हते. तेव्हा १९७१ साली देनपसार येथे जाणत्या मंडळींची परिषद भरली आणि नृत्यांची तीन वर्गांत विभागणी झाली. देवळाच्या आतल्या चौकात पूजेचा भाग म्हणून होणारी पहिली, मधल्या चौकात पूजेच्या जोडीने होणारी दुसरी, आणि बाहेर करमणुकीसाठी होणारी तिसरी. तिसऱ्या वर्गातले खेळ पाहुण्यांपुढे करण्यास हरकत नाही, पहिल्या वर्गातले विकावयाचे नाहीत. अनेक गावांनी प्रवाशांसाठी वेगळे मुखवटे करून घेतले आणि पूजेचे मुखवटे देवळातच ठेवले. तोच कारागीर, तीच पटाशी. पण एक मुखवटा दुकानात जातो आणि दुसऱ्यापुढे गाव हात जोडते. या तीन वर्गांतील निवडक नृत्यांना २०१५ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशात स्थान दिले. त्यांत सिदाकार्याचा तोपेंग आहे, तेजाकुलासारख्या गावांतील रामायणाचा खेळ ज्या प्रकारात मोडतो तो प्रकार आहे, आणि बारोंगही आहे.

सज्जनहो, आता मूळ प्रश्नाकडे वळले पाहिजे. देऊळ झाले म्हणजे कार्य झाले काय? बालीच्या मुखवट्यांनी दिलेले उत्तर असे आहे की, दारातून ज्याला परतविले तो मानाने आत आल्याखेरीज कार्य सिद्ध होत नाही. मुलीला मागणी येत नाही म्हणून पेटलेली विधवा आणि कपडे मळके म्हणून हाकललेला ब्राह्मण, या दोघांचे मुखवटे त्या लोकांनी राजाच्या मुखवट्याहून अधिक पवित्र मानले. दर उत्सवाला ते पाहताना गावाला आपली जुनी चूक आठवते आणि ती पुन्हा होऊ नये याची काळजी घेतली जाते. त्या कुरूप चेहऱ्याचा अर्थ हा आहे.

कोठल्याही देवळात जीर्णोद्धारानंतर संगमरवरी पाटी बसते आणि तिच्यावर देणगीदारांची नावे कोरली जातात. ते योग्यच आहे. कष्टाचा पैसा देणाऱ्याचे नाव गावाने विसरू नये. पण पाटीची लांबीरुंदी ठरलेली असते. डोक्यावरून वाळूच्या पाट्या वाहिलेल्या बाया, विहिरीवरून पाणी ओढलेली पोरे, सुगीचे काम सोडून चिऱ्याला हात लावलेला गवंडी, यांची नावे तिच्यावर मावत नाहीत. भावकीचे जुने भांडण मनात धरून ज्या घरी वर्गणी मागावयास कोणी गेलेच नाही, त्या घराचेही नाव तेथे नसते. ज्यांच्या वाडवडिलांनी देवळाच्या पायरीखाली उभे राहून लांबूनच हात जोडले, त्यांची तर कधी मोजदादच झाली नाही. देवाच्या दारी यांच्यापैकी कोण कोणाचा भाऊ निघेल, हे बेसाकीहच्या राजालाही ओळखता आले नव्हते.

तेव्हा कळसावर पाणी पडले, आरती झाली, तरी महाप्रसादाची शेवटची पंगत उठण्यापूर्वी गावाने एकदा वेशीपर्यंत नजर टाकावी. कोणी बाहेर राहिले असेल तर त्याला हाताला धरून आत आणावे आणि आपल्या शेजारी पानावर बसवावे. दगडाचे काम गवंडी करतो, मंत्राचे काम पुरोहित करतो, पैशाचे काम दाते करतात. हे शेवटचे काम मात्र सगळ्या गावाने मिळून करावयाचे असते, आणि ते झाले म्हणजे कार्य सिद्धीस गेले असे खुशाल समजावे.